अक्कलदाढ काढल्यानंतर

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळ, कृष्णराजेंद्र बाजाराच्या गजबजाटाला लागून व्हिक्टोरिया रुग्णालय उभे आहे. ८ डिसेंबर १९०० रोजी त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. याच परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. १९५८ साली वैद्यकीय महाविद्यालयाची एक शाखा म्हणून त्याचा आरंभ झाला. पुढील काळात या शहरात खाजगी दंत महाविद्यालयांचीही मोठी भर पडली, आणि आज दातांच्या उपचारांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतील माणसे बंगळूरची वाट धरतात. या महाविद्यालयांच्या मुखशल्यचिकित्सा विभागांत अक्कलदाढ काढणे ही नित्याची गोष्ट होय.

दाढ काढावी लागेल असे सांगितले की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दुखेल का? त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे: कामावर केव्हा जाता येईल? शल्यचिकित्सक जखमेकडे पाहतो. रक्त थांबले, टाके सुटले, हिरडी भरून आली, की त्याच्या लेखी रुग्ण बरा झाला. रुग्ण मात्र दिवस मोजत असतो. भाकरी केव्हा चावता येईल, रात्री झोप केव्हा लागेल, चारचौघांत तोंड उघडून केव्हा बोलता येईल, हा त्याचा हिशेब असतो. हे दोन हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट दंतवैद्यकाने गांभीर्याने मानली ती अलीकडच्या काही दशकांतच.

शेवटी येणारी दाढ

मनुष्याच्या प्रत्येक जबड्यात दोन्ही बाजूंस तीन तीन दाढा असतात. त्यांपैकी सर्वांत मागची, तिसरी दाढ साधारणतः सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान उगवते. या वयात माणसाला समज येते अशी कल्पना असल्याने तिला अक्कलदाढ हे नाव पडले. यातील ‘अक्कल’ हा शब्द मूळ अरबी आहे, आणि अरबीत, लॅटिनमध्ये व इंग्रजीतही या दाढेचे नाव शहाणपणाशीच जोडलेले आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल याने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात या दाढा विसाव्या वर्षाच्या सुमारास येतात असे नोंदवून ठेवले आहे. एवढेच नव्हे, तर ऐंशी वर्षांच्या स्त्रियांनाही त्या मोठ्या वेदनेसह आल्याची उदाहरणे तो सांगतो. शहाणपण उशिरा येते आणि त्रास देऊन येते, या समजुतीला त्यामुळे बराच प्राचीन आधार आहे असे म्हणावयास हरकत नाही.

खरी अडचण जागेची असते. ही दाढ यायची वेळ होते तोवर जबड्यातील जागा इतर दातांनी व्यापलेली असते. मऊ व शिजवलेल्या अन्नामुळे मानवी जबड्याची वाढ कमी होत गेली, असे यामागचे एक कारण सांगितले जाते. काही जणांना एखादी अक्कलदाढ मुळात येतच नाही, आणि सुमारे एक चतुर्थांश लोकांची निदान एक अक्कलदाढ हाडात किंवा हिरडीखाली अडकून राहते. ती आडवी असेल तर पुढच्या दाढेला ढोसते. अर्धवट वर आलेली असेल तर तिच्यावरील हिरडीच्या पदराखाली अन्नाचे कण साठून तेथे जंतू वाढतात. हिरडी सुजते, पू होतो, घास गिळणे कठीण होते. हा त्रास पुनःपुन्हा होऊ लागला म्हणजे दाढ काढण्याचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडक्यात असे असते. सुई टोचून जबड्याचा तो भाग बधिर करतात. हिरडीला छेद देऊन ती बाजूस सारतात, आवश्यक तर दाढेभोवतीचे थोडे हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून ते बाहेर काढतात आणि हिरडी पुन्हा टाक्यांनी बसवतात. बधिरतेच्या या सोयीमागे मोठा इतिहास आहे, आणि योगायोग असा की त्या इतिहासात दाढेलाच मानाचे स्थान आहे. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड या गावी होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच अक्कलदाढ सहकाऱ्याकडून उपटवून घेतली. आज वापरात असलेले लिग्नोकेन हे औषध मात्र शंभर वर्षांनंतरचे. ते १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले.

रक्ताची गुठळी

दाढ निघाल्यावर तिच्या खोबणीत रक्त साठते व गोठते. ही गुठळी म्हणजे नुसता वाहिलेल्या रक्ताचा अवशेष नव्हे; उघड्या हाडावरचे ते नैसर्गिक झाकण आहे, आणि पुढची सारी दुरुस्ती तिच्या आधारानेच होते. काही दिवसांत गुठळीमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्या शिरतात व तिच्या जागी कोवळे लालसर ऊतक तयार होऊ लागते. तीन ते चार आठवड्यांत वरची हिरडी मिळून येते. खोबण आतून हाडाने भरून यावयास मात्र कित्येक महिने लागतात. रुग्णाला याची जाणीवही नसते. तो एव्हाना चकली फोडू लागलेला असतो.

शस्त्रक्रियेनंतर ज्या सूचना दिल्या जातात त्यांतील बहुतेक या गुठळीच्या रक्षणासाठी असतात. जखमेवर ठेवलेली गॉजची घडी अर्धा ते पाऊण तास घट्ट चावून धरावयाची असते. त्या दिवशी चूळ भरू नये, थुंकू नये, जीभ किंवा बोट तेथे लावू नये. लाळेत थोडा तांबूस रंग दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. एका थेंबाने लाळेचा सगळा घोट रंगतो. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चुळा भराव्यात.

बंगळूरच्या रस्त्यांवर जागोजागी शहाळी विकली जातात. दाढ काढलेल्या माणसाला शहाळ्याचे पाणी फारच चांगले, कारण ते थंड असते आणि चावावे लागत नाही. परंतु शहाळे हातात पडते ते नळीसह. नळीने ओढताना तोंडात जी पोकळी निर्माण होते तिच्यामुळे गुठळी सुटण्याचा संभव असतो, म्हणून ते पाणी पेल्यात ओतून प्यावे. या शहराची दुसरी सवय म्हणजे वाफाळती कॉफी. पहिल्या दिवशी ती निवू द्यावी लागते. कॉफीच्या भोक्त्यांना ही शिक्षा शस्त्रक्रियेहून जड वाटते. विडी, सिगारेट आणि तंबाखूचा बार यांची गोष्ट निराळी आहे. त्यांत सवयीपेक्षा धोक्याचा प्रश्न मोठा असतो.

तो धोका म्हणजे कोरडी खोबण. गुठळी अकाली विरघळली किंवा निघून गेली की हाड उघडे पडते. वेदना कमी होत चाललेली असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती एकाएकी उसळते, कानापर्यंत ठणका जातो, तोंडाला दुर्गंधी येते, आणि साधी वेदनाशामक गोळी पुरी पडत नाही. १८९६ साली क्रॉफर्ड याने या विकाराचे वर्णन केले. कोणताही दात काढल्यावर तो शंभरात थोड्याच जणांना होतो, परंतु खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते. धूम्रपान करणाऱ्यांत व गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत ते आणखी वाढते. यावरील उपचारात खोबण धुऊन तीत औषधी पट्टी भरतात, आणि तिच्यातील मुख्य द्रव्य बहुधा लवंगेच्या तेलापासून मिळणारे युजेनॉल असते. दुखऱ्या दाढेत लवंग धरणाऱ्या आजीचे द्रव्य रुग्णालयात पोहोचले ते असे. घरच्या घरी उघड्या जखमेत लवंगतेल ओतणे मात्र सर्वस्वी चूक आहे. त्याने ऊतक भाजून निघते.

वेदना, सूज आणि जखडलेला जबडा

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास फसवे असतात. ओठ व जीभ बधिर असल्याने रुग्ण निर्धास्त असतो. ही बधिरता तीन ते पाच तासांत ओसरते आणि वेदना आपल्या पूर्ण रूपात प्रकट होते. म्हणून वेदनाशामकाची पहिली मात्रा बधिरता उतरण्याआधीच घेण्यास सांगतात. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल एकत्र दिल्यास चांगला परिणाम होतो असे अनेक चाचण्यांत दिसले आहे. मात्र जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी पहिले औषध डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

सुजेचे वेळापत्रक वेगळे असते. ती पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक दिसते आणि आठवड्याच्या आत उतरते. हे आधी सांगितलेले नसेल तर रुग्ण तिसऱ्या दिवशी आरशात पाहून दचकतो व काहीतरी बिघडले असे समजतो. खरोखर बिघाडाची लक्षणे निराळी आहेत: तिसऱ्या दिवसानंतरही वाढत जाणारी सूज, ताप, पू, न थांबणारे रक्त. गिळण्यास किंवा श्वास घेण्यास अडथळा होऊ लागला तर एक तासाचाही विलंब न करता रुग्णालय गाठले पाहिजे.

तोंड उघडण्यालाही मर्यादा पडते. एरव्ही माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. शस्त्रक्रियेनंतर काही दिवस दोन मावली तरी पुष्कळ, कारण जबड्याचे स्नायू आखडलेले असतात. सुपारी व गुटख्याच्या दीर्घ सवयीने ज्यांच्या गालांची आतली त्वचा आधीच ताठ झालेली असते, त्यांच्या बाबतीत शस्त्रक्रियाही कठीण होते आणि नंतरचे दिवसही.

अक्कलदाढेच्या वेदनेने वैद्यकशास्त्राला एक अनपेक्षित देणगी दिली आहे. ही शस्त्रक्रिया करून घेणारे लोक बहुधा तरुण व एरव्ही निरोगी असतात, जखम सर्वांची साधारण सारखी असते, आणि वेदना ठराविक वेळी सुरू होते. नव्या वेदनाशामकाची पारख करण्यास याहून सोयीची परिस्थिती मिळणे कठीण. १९७६ साली अमेरिकेतील कूपर आणि बीव्हर यांनी ही पद्धत मांडली आणि तेव्हापासून कित्येक औषधांची परीक्षा तिच्या आधारे झाली आहे. १९७८ साली लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांनी याहून कुतूहलजनक निष्कर्ष प्रसिद्ध केला. दाढा काढलेल्या रुग्णांना त्यांनी औषध म्हणून निष्क्रिय द्रव्य दिले. काहींची वेदना त्यानेही कमी झाली. परंतु अफूसदृश द्रव्यांचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन टोचताच अशा रुग्णांची वेदना वाढली. याचा अर्थ असा की नुसत्या विश्वासाने मिळालेला आराम काल्पनिक नव्हता. शरीर आपलीच वेदनाशामके स्रवत असावे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाशी दोन शब्द नीट बोलणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही, हे यावरून ध्यानात येईल.

जीवनाची गुणवत्ता कशी मोजावी

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अमलात आली. तिच्यात आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, अशी व्याख्या आहे. दंतवैद्यकात हा विचार रुजण्यास पुढची कित्येक वर्षे जावी लागली. १९९४ साली स्लेड व स्पेन्सर यांनी ऑस्ट्रेलियात ४९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली आणि १९९७ साली स्लेड यांनी तिचे १४ प्रश्नांचे संक्षिप्त रूप दिले. तोंडाच्या तक्रारीमुळे शब्द उच्चारण्यास अडचण आली का, जेवण अर्धवट सोडावे लागले का, संकोच वाटला का, नेहमीचे काम करणे अवघड गेले का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. २००० साली स्कॉटलंडमध्ये खास अक्कलदाढेच्या रुग्णांसाठी मापनश्रेणी प्रसिद्ध झाली. खाणे, बोलणे, संवेदना, चेहऱ्याचे रूप, वेदना, मळमळ आणि दैनंदिन व्यवहारातील व्यत्यय, ही तिची सात अंगे होत.

या साधनांच्या साहाय्याने जे दिसून आले ते असे. हाँगकाँगमध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या पाच दिवसांत जीवनाची गुणवत्ता स्पष्टपणे खालावली, आणि आठवडा पुरा होईतो ती बहुतांशी पूर्वपदावर आली. त्याच संशोधकांना सहा महिन्यांनंतर रुग्णांची स्थिती शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षाही चांगली आढळली. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनाच्या संशोधकांनी कोणाला अधिक दिवस लागतात हे तपासले. अठरा वर्षांवरील रुग्ण, स्त्रिया, आणि ज्यांची शस्त्रक्रिया लांबली ते, असे उत्तर त्यांना मिळाले.

तथापि प्रश्नावलीला सर्व काही कळते असे नाही. जेवणात व्यत्यय आला का, हा प्रश्न सर्वत्र सारखा वाटतो. ताट मात्र सर्वत्र सारखे नसते. दक्षिण कर्नाटकातील शेतकऱ्याचे व कष्टकऱ्याचे अन्न म्हणजे नाचणीचा मुद्दे. हा उकडलेल्या पिठाचा मऊ गोळा तोडून, सारात बुडवून, न चावता गिळावयाचा असतो. सार निवलेले व बेताचे तिखट असेल, तर दाढ काढलेल्या माणसासाठी याहून सोयीचे अन्न कोणत्याही आहारतज्ज्ञाला सुचणार नाही. नाचणीची पातळ अंबली ही आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. दहीभात व इडली तर घरोघर असतात. याउलट ज्याचे पोट ज्वारीच्या भाकरीवर भरते तो उत्तर कर्नाटकातील किंवा सोलापूर भागातील मजूर या आठवड्यात खरोखर उपाशी राहतो, निदान तसे त्याला वाटते. जखम एकच, परंतु एकाचे जेवण सुटत नाही आणि दुसऱ्याचे सुटते.

बोलण्याचेही तसेच आहे. बंगळूरच्या वस्त्रोद्योगातील शिलाई कामगार स्त्री सुजलेल्या गालानिशी यंत्रावर बसू शकेल. तिला तेथे बोलावे लागत नाही, जरी मान खाली घालून दिवसभर बसल्याने ठणका वाढतो. दूरध्वनीवर ग्राहकांशी बोलण्याचे काम करणाऱ्या तरुणाला मात्र तिसऱ्या दिवशी ‘प’ आणि ‘ब’ उच्चारतानाही कष्ट पडतील. शाळेतील शिक्षक, बाजारात ओरडून फुले विकणारी बाई, यांचा धंदाच तोंडावर चालतो.

आणि मग मजुरीचा प्रश्न उरतो. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने विमेदार कामगाराला आजारपणात वेतनाचा काही भाग देण्याची व्यवस्था केली, परंतु नव्या आजाराचे पहिले दोन दिवस सामान्यतः त्यातून वगळले. अल्पकाळच्या किरकोळ आजारांचा भार निधीवर पडू नये हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. पण अक्कलदाढेच्या रुग्णाचे सर्वांत कठीण दिवस नेमके तेच असतात. ज्याला कोणताच विमा नाही त्याला तर सारा आठवडाच आपल्या खिशातून द्यावा लागतो. पुष्कळ जण म्हणूनच दुखणे अंगावर काढतात आणि पू गळ्याकडे उतरू लागल्यावर रुग्णालयात येतात. त्या वेळी आठवड्याचा प्रश्न राहिलेला नसतो.

काढावी की राहू द्यावी

त्रास न देणारी अक्कलदाढ आगाऊ काढून टाकावी का, यावर एकमत नाही. एके काळी पाश्चात्त्य देशांत अशा दाढा सर्रास काढल्या जात. ब्रिटनमध्ये वैद्यकीय उपचारांचे मूल्यमापन करणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा २००० साली तिने दिलेली अगदी पहिलीच शिफारस याविषयी होती: रोग नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा काढू नयेत. निरोगी माणसाला आठवडाभर आजारी पाडण्यास सबळ कारण हवे, हा तिचा युक्तिवाद होता. पुढील वर्षांत दुसरी बाजूही दिसली. दाढ काढावी लागणाऱ्यांचे सरासरी वय वाढले, आणि आडव्या अक्कलदाढेमुळे तिच्या पुढची चांगली दाढ किडल्याची उदाहरणे अधिक आढळू लागली. वय वाढले की हाड घट्ट होते आणि बरे होण्यास वेळ लागतो. म्हणून त्रास नसलेली दाढ राहू द्यावयाची असली, तरी ठराविक काळाने क्ष-किरण चित्र काढून तिच्यावर लक्ष ठेवणे भाग असते. वारंवार सुजणाऱ्या दाढेबाबत वाद नाही. तेथे आठवड्याचे दुखणे पत्करणेच फायद्याचे.

निर्णय घेताना आणखी एक गोष्ट तराजूत घालावी लागते. खालच्या दाढेच्या मुळांखालून एक मज्जातंतू हाडातील बोगद्यातून जातो. खालचा ओठ व हनुवटी यांची संवेदना त्याच्यावर अवलंबून असते. जिभेचा मज्जातंतूही दाढेच्या आतल्या बाजूस, जवळच असतो. शस्त्रक्रियेत यांपैकी एखादा चेपला किंवा दुखावला तर ओठ किंवा जीभ बधिर राहते. बहुतेकांची संवेदना काही आठवड्यांत वा महिन्यांत परत येते. ती कायमची गेल्याचे प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. परंतु ज्याच्या वाट्याला ते येते त्याला ओठावरून ओघळलेला चहा कळत नाही, दाढी करताना कापलेले समजत नाही.

अशा रुग्णाला ठरावीक अंतराने बोलावतात. डोळे मिटून बसण्यास सांगून हनुवटीवरून कापसाचे टोक हळुवार फिरवतात आणि कळते तेथे हात वर करावयास लावतात. बधिर भागाची सीमा कागदावरील चेहऱ्याच्या आकृतीवर तारखेसह आखली जाते. पुढच्या भेटीत शेजारीच दुसरी रेघ येते. रेघ आत सरकत असेल तर मज्जातंतू जिवंत आहे आणि वाढतो आहे; रुग्णालाही तो कागद दाखवतात.